मृगाचा मोह

मृग लागला की निवळीहून जयगडकडे येणाऱ्या रस्त्याला रोपांचे टेम्पो दिसायला लागतात. मागच्या फाळक्याला टेकून हापूसची कलमं, त्यांच्या पायाशी कोंब फुटलेले नारळ, आणि मधल्या फटीफटीतून जास्वंद, अनंत, मोगरा, सोनचाफा. शिवाय अलीकडे हटकून ड्रॅगनफ्रूट आणि अ‍ॅडेनियम. वाडीच्या तोंडाशी टेम्पो उभा राहिला की हाका मारायची गरज पडत नाही. बायामाणसं आपणहून जमतात. पिशवी उचलून खालून मुळं बाहेर आलीत का ते बघतात, पानं उलटून कीड बघतात, "चाफा कलमी आहे ना, की बियाचा?" असं विचारून विकणाऱ्याला जोखतात, आणि ज्यासाठी आलेल्या असतात ते सोडून भलतीच तीन रोपं घेऊन घरी जातात. घरी मागच्या वर्षीची दोन-चार अजून पिशवीतच असतात, पडवीच्या कडेला, पन्हळीचं पाणी पडेल अशी ठेवलेली. ती 'लावायची आहेत'.

या खरेदीला कोणी बोलत नाही. घडी न मोडलेल्या साड्या कपाटात असताना आणखी एक घेतली तर घरात निदान भुवया तरी उंचावतात. विसाव्या जास्वंदीला तेवढीही किंमत मोजावी लागत नाही. उलट घरातला कर्ता माणूस स्वतः उठून फावडं शोधायला लागतो. झाड म्हणजे चांगली गोष्ट, झाड लावणं म्हणजे पुण्य. मग ते विकत घेण्यात वाईट काय असणार?

लोभाची बहुतेक रूपं आपल्या परंपरेने कधीच हेरून ठेवली आहेत. सोनं, जमीन, पदवी, मान, अगदी तपश्चर्येचा आणि ज्ञानाचा लोभसुद्धा संतांच्या नजरेतून सुटला नाही. रोपांचा लोभ मात्र पुण्याचा टिळा लावून येतो, त्यामुळे त्याची झडती घ्यायचं कोणाच्या मनात येत नाही. झाडं जमवत राहणं हे पुण्य की परिग्रह, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका थिल्लर नाही. आणि जयगडसारख्या ठिकाणी तो पुस्तकी तर मुळीच नाही, कारण इथे त्याचं उत्तर दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात विहिरीच्या तळाशी दिसतं.

वृक्षारोपणाच्या प्रत्येक समारंभात एक पुराणवचन हमखास ऐकू येतं: एक झाड दहा पुत्रांच्या बरोबरीचं. ते मत्स्यपुराणातलं आहे, आणि त्याच्या मागची गोष्ट वचनापेक्षा सुंदर आहे. पार्वती अशोकाचं एक रोप मुलासारखं वाढवते. देव आणि ऋषी बघायला येतात आणि विचारतात, झाडांना मुलं मानून काय मिळणार? त्यावर ती जे उत्तर देते त्यात हा हिशेब येतो. पण तो झाडापासून सुरू होत नाही. पाणी नसलेल्या गावात जो विहीर खणतो त्याच्यापासून सुरू होतो. मग दहा विहिरींएवढी एक बारव, दहा बारवांएवढं एक तळं, दहा तळ्यांएवढा एक पुत्र, आणि शेवटच्या पायरीवर झाड. समारंभात वरची पायरी तेवढी वाचतात. खालच्या तीन पायऱ्या पाण्याच्या आहेत, याची आठवण कोणाला राहत नाही.

जयगडला ती ठेवावी लागते. शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे खाडी आणि दर्या यांच्या मधोमध उचलून धरलेलं हे जांभ्याचं कातळ. एका टोकाला किल्ला, दीपगृह, पलीकडे तवसाळला जाणारी फेरीबोट, अलीकडे बंदर आणि बाराशे मेगावॉटचा वीजप्रकल्प. रत्नागिरीच्या या पट्टीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. जांभा सच्छिद्र, त्यात मुरलेलं पाणी उताराने निसटून जातं. दिवाळीपर्यंत सगळं हिरवं, शिमग्यापर्यंत पिवळं, आणि वैशाखात सड्यावरच्या वाडीला दोन हंड्यांसाठी तिष्ठावं लागतं. मृगात घेतलेल्या रोपाची खरी किंमत तेव्हा चुकती होते. टेम्पोवाल्याला दिलेले पैसे म्हणजे नुसता विसार.

पातंजल योगसूत्रांतल्या पाच यमांपैकी अपरिग्रह हा शेवटचा. त्यावरच्या व्यासभाष्यात विषयांच्या ठायी पाच दोष मोजून दाखवले आहेत: मिळवण्यातला, राखण्यातला, नासण्यातला, चिकटून बसण्यातला आणि हिंसेचा. हे पाहून जो वस्तू स्वीकारतच नाही त्याचा तो अपरिग्रह. भाष्यकाराच्या डोळ्यांपुढे बहुधा धनधान्य असावं. पण ही यादी घेऊन एखाद्या हौशी माणसाच्या अंगणात उभं राहिलं की ती कुंड्यांसाठीच केल्यासारखी वाटते.

मिळवण्याचा दोष सगळ्यांना दिसतो, आणि तो सगळ्यांत कमी घातक. १६३७च्या फेब्रुवारीत हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या कांद्यांचे भाव कोसळले, त्याची गोष्ट जगभर लोभाचा धडा म्हणून सांगतात. अ‍ॅन गोल्डगार या इतिहासकार बाईंनी मूळ कागदपत्रं तपासून दाखवलं की, देशोधडीला लागलेल्या लोकांच्या बऱ्याचशा कथा त्या काळच्या उपदेशपर चोपड्यांतून आलेल्या होत्या. प्रत्यक्षात झळ लागली ती थोड्या सधन लोकांना. २०२१ साली न्यूझीलंडमध्ये पांढरे पट्टे असलेल्या एका वेलीला, मूठभर पानांच्या एका कुंडीला, ऑनलाइन लिलावात २७,१०० न्यूझीलंड डॉलर मिळाले. असली उदाहरणं वाचून आपण निर्धास्त होतो. आपण तर शंभर-दीडशे रुपयांचा मोगरा घेतो!

राखण्याचा दोष मात्र शंभराच्या मोगऱ्यालाही चुकत नाही. मे महिन्यात मुंबईला लग्न निघतं आणि घर आठ दिवस बंद राहणार असतं, तेव्हा तो पुढे येतो. मग बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ती कुंडीत उलटी खुपसायची, बादलीत जुन्या सुती लुगड्याची पट्टी सोडून तिचं दुसरं टोक मातीत पुरायचं, कुंड्या ओढून सगळ्या एका सावलीत आणायच्या, नारळाच्या झावळ्यांचे झाप वर आडवे टाकायचे. एवढं करून शेजारणीला सांगायचंच: "जरा तांब्याभर घाल गो." दोन रोपं असली तर ती आनंदाने घालते. साठ असली तर तिच्या विहिरीवरचा तो कर होतो, आणि तो तिने न बोलता भरायचा असतो. आपल्या पुण्याचं पाणी दुसऱ्याने शेंदायचं, हा प्रकार कोणत्या शास्त्रात बसतो कोण जाणे.

नासण्याबद्दल फार बोलायला नको. पिशवीत दोन पावसाळे काढलेलं कलम उचललं तर त्याची मुळं पिशवीच्या आत गोल गोल फिरून घट्ट वेटोळं झालेली दिसतात. ते तसंच लावलं तर जमिनीतही मुळं त्याच वेटोळ्यात राहतात आणि झाड वर्षानुवर्षं आहे तिथेच घुटमळतं. हापूसचं असेल तर आणखी एक गंमत होते. कलमाच्या सांध्याखालचा रायवळचा खुंट जोर धरतो, त्याला फुटवे येतात, ते वेळेवर खुडले नाहीत तर वरचा हापूस वाळून जातो आणि पुढे भलताच आंबा धरतो. रोप मेलं असं कोणी म्हणत नाही. "लागलं नाही" म्हणतात. दोष जमिनीचा, हवेचा किंवा नर्सरीवाल्याचा. पुढच्या मृगात नवं आणायला मन मोकळं.

हिंसेचा दोष हौशी माणसाला सगळ्यांत अनपेक्षित. झाडं आणण्यात हिंसा कुठली? चार्ल्स किंग्जली या इंग्रज पाद्र्याने १८५५ साली 'ग्लॉकस' या पुस्तकात त्या काळच्या नेच्यांच्या वेडाला नाव दिलं आणि वर त्याची भलामणही केली: मुली कादंबऱ्या आणि गप्पाटप्पांत वेळ घालवण्यापेक्षा नेचे जमवतात हे बरंच, असा त्याचा सूर. धर्माचा माणूस असल्या खरेदीला कसा चटकन शुद्ध ठरवतो, याचा हा चांगला नमुना. त्या वेडापायी इंग्लंडच्या कित्येक ओढ्याकाठचे दुर्मीळ नेचे मुळासकट उपटले गेले. आपल्याकडे सह्याद्रीतली सीतेची वेणी आंब्या-फणसाच्या फांदीवर वाढते आणि पावसाच्या तोंडाशी गुलाबी तुरे लोंबवते. ती फांदीवरून खरवडून रस्त्याकडेला विकायला ठेवलेली दिसते. जगातली सगळी ऑर्किडं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात, म्हणजे साइटिसच्या परिशिष्टांत, नोंदलेली आहेत, ती या हौसेमुळेच. आणि जी घाणेरी आज कोकणातल्या प्रत्येक पडीक गडग्यावर चढलेली आहे, तीही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणूनच या देशात आणली गेली. ज्याने आणली त्याला ती सुंदरच वाटली असणार. ती सुंदर आहेच.

राहिला चिकटण्याचा दोष. त्याच्याकडे वळण्याआधी एक गोष्ट कबूल करायला हवी. रोपांच्या मोहात लोभाखेरीज आणखीही काही असतं. मृगातली खरेदी ही मोठ्या प्रमाणात आशेची खरेदी असते. साठीतला माणूस नारळ लावतो तेव्हा त्याला खोबरं कोण खाणार हे पक्कं ठाऊक असतं. १९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली आणि कोकणातले वरकस डोंगर आंबा-काजूच्या कलमांनी भरून गेले. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून माती वाहून आणून भरली, आणि डोक्यावरून पाणी नेऊन कलमं जगवली. त्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यांनी हे केलं त्यांना परिग्रही म्हणायला जीभ रेटणार नाही. पण जगवण्यासाठी त्यांनी जे केलं ते सगळं खरेदीनंतरचं होतं, हेही त्यांच्याच उदाहरणावरून दिसतं.

आणि जागेचं काय? हापूसला पारंपरिक शिफारस दहा मीटर बाय दहा मीटर अंतराची. म्हणजे एका गुंठ्यात एक झाड. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत दोन झाडांतलं उत्तम अंतर वीस हात सांगितलं आहे, म्हणजे साधारण नऊ मीटर. सोळा हात मध्यम, बारा हात कनिष्ठ. जवळ लावलेल्या झाडांची मुळं एकमेकांत अडकतात आणि ती नीट फळत नाहीत, हे कारणही त्याने दिलं आहे. चौदा-पंधरा शतकांच्या अंतरावरचे दोन सल्ले दोनेक हातांच्या फरकाने जुळतात. आता घन लागवडही करतात, पण तिला दरवर्षी छाटणी लागते आणि छाटायला काळीज लागतं. तीन गुंठ्यांच्या परड्यात अकरा कलमं दाटीने लावून "सावली तर होईल" म्हणणाऱ्याकडे ते सहसा नसतं.

पुण्याच्या आडून येणारा लोभ याच जिल्ह्यातल्या एका आईने फार पूर्वी ओळखला होता. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, त्यात दापोली तालुक्यातल्या पालगडच्या त्यांच्या लहानपणातला एक प्रसंग 'मुकी फुले' या नावाने आहे. पोरांना देवासाठी फुलं हवी असतात. दुसऱ्या कोणी नेऊ नयेत म्हणून ती आदल्या दिवशीच कळ्या खुडून आणतात. आईला हे कळतं तेव्हा ती चोरी किंवा भांडण यावर बोट ठेवत नाही. न उमललेली फुलं देवाला वाहण्यात पूजा कुठे राहिली, अशा अंगाने ती मुलाला समजावते. पोरं काही खोटं बोलत नव्हती. फुलं खरोखर देवासाठीच होती. तरीही हाव ती हावच, आणि देवाचं नाव घातल्याने ती जास्त निर्लज्ज झाली होती.

आजच्या नर्सरीत हे नाव बरंच पुढे गेलेलं आहे. सत्तावीस नक्षत्रांचे सत्तावीस आराध्यवृक्ष: कृत्तिकेचा उंबर, रोहिणीचं जांभूळ, पुष्याचा पिंपळ, मघांचा वड. आपलं नक्षत्र सांगा, रोप घ्या. पुष्य नक्षत्रावर जन्मलेल्या सदनिकाधारकाने कुंडीत पिंपळ लावायचा म्हणजे काय करायचं, हे सांगायची जबाबदारी कोणावरच नसते. त्याच्या शेजारी भाग्याचा बांबू आणि पैशाचा वेल. त्यातल्या त्यात मनीप्लांटची रूढी गमतीची: विकत आणला तर फळत नाही, चोरूनच आणावा लागतो म्हणतात. बाजाराला शह देणारी ही एवढी एकच अंधश्रद्धा असावी.

तुळशीची गोष्ट याच्या अगदी उलट. कोकणातल्या घरापुढे वृंदावन एक असतं. ते मोठं करता येतं, त्याला रंग देता येतो, कार्तिकात ऊस-चिंचा-आवळ्यांसह लग्न लावता येतं. पण वीस वृंदावनं कोणी बांधत नाही. आणि त्या एका रोपाभोवती रोजचं काम बांधून दिलेलं आहे: सकाळी पाणी, संध्याकाळी दिवा. काशिनाथशास्त्री उपाध्ये यांचं घराणं मूळ संगमेश्वराकडच्या गोळवलीचं. पंढरपुरात राहून त्यांनी १७९०च्या सुमारास 'धर्मसिंधु' रचला. महाराष्ट्रातल्या घराघरांतली व्रतं-सणांची रीत पुढे दीड-दोन शतकं त्याच ग्रंथाच्या आधाराने चालली. त्यातल्या वैशाखकृत्यांत तुळशीची पूजा आणि पिंपळाच्या मुळाशी भरपूर पाणी घालणं येतं. वैशाखात तुळशीवर किंवा पिंडीवर थेंबथेंब गळणारं भांडं टांगायची चाल अजून पुष्कळ ठिकाणी आहे. शास्त्रकाराने पुण्यासाठी महिना निवडला तो वैशाख. झाड आणायला सोपा असतो तो मृग. धर्माची आणि बाजाराची दिनदर्शिका इथे वेगळी होते.

मग संख्येवर मर्यादा घालावी का? जैन परंपरेने तेच केलं. साधूला सर्वस्वाचा त्याग, पण गृहस्थाला परिग्रह-परिमाण व्रत: शेत, घर, धान्य, जनावरं, भांडीकुंडी किती ठेवायची ते आधीच ठरवून टाकायचं आणि ती रेघ ओलांडायची नाही. त्या दर्शनात वनस्पती हा एकेंद्रिय जीव, त्यामुळे रोपाचा परिग्रह म्हणजे जिवाचा परिग्रह. यातला 'आधीच' फार मोलाचा आहे. टेम्पो दारात उभा राहिल्यावर मर्यादा ठरवायला बसणारा माणूस ती नेहमी एकाने वाढवतो.

तरीही चिकटण्याचा दोष मोजणीने सुटत नाही, आणि त्याची सर्वांत बोचरी गोष्ट भागवताच्या पाचव्या स्कंधात आहे. भरत राजाने राज्य सोडलं, बायकामुलं सोडली आणि गंडकीकाठी आश्रमात जाऊन राहिला. एके दिवशी सिंहाच्या गर्जनेने भेदरलेल्या हरिणीचं पाडस पाण्यात पडून वाहत येताना त्याने पाहिलं आणि उचलून आणलं. अनाथ जिवाला वाचवणं हा धर्मच. त्याला गवत घालायचं, लांडग्यांपासून जपायचं, कुरवाळायचं-खाजवायचं. हळूहळू यम-नियम सुटले, पूजा सुटली. पाडस दिसेनासं झालं की भरत कासावीस. मरतानाही डोळ्यांपुढे तेच, म्हणून पुढचा जन्म हरणाचा. त्याने परिग्रह केला तो फक्त एकाचा, आणि तोही दयेपोटी. ज्याला साठ कुंड्यांचं काही वाटत नाही त्याच्यापेक्षा, एका बोन्सायसाठी गाव सोडून जाऊ न शकणारा माणूस भरताच्या जास्त जवळचा.

पण ही गोष्ट इथेच सोडली तर अन्याय होईल. भरताने पाडस वाहून जाऊ द्यायला हवं होतं, असं भागवतही म्हणत नाही. वाचवण्यात चूक नव्हती. ते मोठं झाल्यावर त्याला रानात जाऊ द्यायचं राहून गेलं. जोडणं एक काम आणि सोडणं दुसरं; भरताने पहिलं उत्तम केलं.

सोडण्याची रीत कोकणी परसात होती, अजून थोडीफार आहे. ब्रह्मकमळ हे तिचं नमुनेदार उदाहरण. खऱ्या हिमालयी ब्रह्मकमळाशी त्याचा काही संबंध नाही. हे मेक्सिकोकडचं निवडुंगाच्या कुळातलं झाड. पण ते नर्सरीतून विकत आणल्याचं फारसं कोणी सांगत नाही. कोणाकडून तरी पान आणलेलं असतं. पान मातीत खोचलं की लागतं, आणि ज्या रात्री फुलतं त्या रात्री ज्यांच्याकडून आणलं त्यांनाही बोलावणं जातं. सोनटक्क्याचे गड्डे, अबोलीची रोपं, गुलबक्षीचं बी, अळवाचे कांदे असेच घरोघर फिरतात. देणाऱ्याकडचं कमी होत नाही, घेणाऱ्याला मात्र ते जगवण्याची लाज बाळगावी लागते. काकूंनी दिलेलं रोप मेलं तर काकू विचारणार. पैसे देऊन आणलेल्या रोपाबद्दल विचारणारं कोणी नसतं. जयगडला वीजप्रकल्प आणि बंदरामुळे बाहेरून आलेल्या नोकरदार कुटुंबांनाही ही रीत वेगळ्या वाटेने शिकावी लागते. बदलीचा कागद आला की सामानाच्या ट्रकमध्ये फ्रिजला जागा असते, कुंड्यांना नसते. मग जाता जाता कडीपत्ता धुणीभांडीवालीला, मोगरा शेजारच्यांना, आणि जमिनीत लावलेला पेरू पुढच्या भाडेकरूला. तो कोण असेल हेही माहीत नसतं.

धर्मशास्त्रात यालाच रीतसर विधी आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे, जन्म १८८०, चिपळूणजवळच्या परशुराम-पेढ्याकडचे, पुढे १९६३ साली भारतरत्न. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात प्रतिष्ठा आणि उत्सर्ग यांवर स्वतंत्र विवेचन आहे. विहीर, तळं, बाग ही पूर्तकर्मं. ती नुसती केल्याने पुरी होत नाहीत. त्यांचा उत्सर्ग करावा लागतो, म्हणजे संकल्प करून त्यांवरची मालकी सर्व भूतांसाठी सोडावी लागते. मत्स्यपुराणातला वृक्षोत्सवाचा विधी तर एखाद्या मुलाच्या संस्कारासारखा आहे: झाडांना औषधींच्या पाण्याने न्हाऊ घालायचं, वस्त्रं नेसवायची, सोन्याच्या सुईने त्यांचे कान टोचायचे, सोन्याच्या शलाकेने काजळ घालायचं. इतकं लाडकोड करून मग ते झाड सगळ्यांचं. पार्वतीच्या हिशेबातली दहा पुत्रांची बरोबरी लागू पडते ती इथवर आलेल्या झाडाला, असं म्हणायला हरकत नाही. पिशवीतल्या रोपाला ती लावणं म्हणजे बारशालाच श्राद्धाचं पुण्य मागणं.

रत्नागिरीच्या गावागावांतल्या देवरहाटी, म्हणजे देवराया, याच विचाराचं दुसरं टोक. तिथलं झाड कोणी लावलेलं नसतं आणि पडलेली काटकीही कोणी घरी नेत नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा आजूबाजूच्या डोंगरांवरून नाहीशी झालेली झाडं आणि वेली तिथे टिकून असलेल्या त्यांना दिसल्या. खरेदी शून्य, पाणी शून्य, मालक देव. अर्थात देवरहाटीत जास्वंद मिळत नाही आणि चहा पीत बसायला कट्टाही नसतो. घरच्या बागेची गरज देवराईने भागत नाही, आणि भागावी अशी अपेक्षाही धरू नये.

उत्सर्गाच्या चर्चेत एक बारीक मुद्दा आहे, आणि तो घरच्या बागेला जवळचा आहे. दान दिलेली वस्तू देणाऱ्याला परत वापरता येत नाही. उत्सर्ग केलेल्या विहिरीचं पाणी मात्र करणारा स्वतः पिऊ शकतो, कारण ज्या सर्व भूतांसाठी ती सोडली त्यांत तोही एक. झाडाचं तसंच: फळ खायला मनाई नाही, माझं म्हणून खायला मनाई. कोकणात या 'सर्व भूतां'ना चेहरे आहेत. वानरांच्या टोळ्या परसात उतरतात, चिकू अर्धा खाऊन टाकतात, नारळाची कोवळी शहाळी खाली पाडतात, पपईचं झाड शेंड्यातून मोडतात. त्यांच्या पायी कित्येक घरांनी भाजीपाला लावणंच बंद केलं. काही जण हळद आणि सुरणाकडे वळले, कारण वानरं त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. तो शहाणपणा झाला, उत्सर्ग नव्हे. चिकू लावणारेही अजून आहेत. रोप घेतानाच ते विकणाऱ्याला सांगतात, "उंच वाढणारा दे रे. वरचे त्यांचे, हाताला येतील तेवढे आमचे."